वसंत सकाळी साडेनऊपर्यंतच असतो: मार्च-एप्रिलमध्ये घरच्यांना घेऊन कुठे जायचं आणि घरी काय करायचं

पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून बाहेर जाऊया म्हटलं की निम्मं घर म्हणतं "एवढ्या उन्हात कुठे?" आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण आपण निघतो कधी तर नाश्ता, आंघोळी, देवपूजा, कोणाचं तरी हरवलेलं चार्जर असं सगळं उरकून अकराला. मार्चच्या दुपारी पारा ३५-३६ ला टेकतो, एप्रिलमध्ये ३८ च्या पुढे. पण त्याच दिवशी पहाटे गच्चीवर गेलात तर अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटते. म्हणजे वसंत येतो आपल्याकडे रोज, पण पार्टटाइम. सकाळी साडेनऊपर्यंत, आणि मग एकदम संध्याकाळी साडेपाचनंतर. एकदा हे मान्य केलं की बाकी प्लॅनिंग फार सोपं आहे, सकाळ बाहेर, दुपार घरात, संध्याकाळ गच्चीत किंवा अंगणात. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबाने आहे. (घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर ते मोकळं होईपर्यंत फक्त टेकडीपर्यंतचं वाचा, बाकीचं नंतर.)

आदल्या रात्री करायची कामं थोडीच आहेत पण ती रात्रीच करा. बाटल्या भरून फ्रीजमध्ये, माणशी दोन लिटर धरा, छोट्यांच्या टोप्या दाराजवळ, आणि खायला दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची सुकी चटणी. काकड्या अख्ख्या न्या, तिथे सोलून मीठ लावून खा, घरून चिरून नेलेल्या काकडीला डब्यात पाणी सुटतं आणि मग ती कोणीच खात नाही. पोरांना उठवून तयार करत बसू नका. अंगावरच्या कपड्यांत गाडीत टाका, दात तिथे घासतील, एक दिवस चालतंय.

सुरुवात टेकडीपासून करा. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, जी जवळ असेल ती. साडेसहाला पायथ्याशी पोचलात की झालं. आता नुसतं "चला चढूया" म्हटलं तर मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, म्हणून त्यांना काम द्या, आणि मार्चमधलं सगळ्यात भारी काम म्हणजे काटेसावर शोधणे. लांबून ओळखायला सोपी, झाडावर पान नसतं, खोडाला काटे, आणि वर लालभडक मोठी फुलं. झाडापासून जरा लांब सावलीत बसा आणि वीस मिनिटं हलू नका. त्या फुलात मध साठलेला असतो आणि सकाळी तो प्यायला सगळा मोहल्ला येतो, मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, खारी, आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा, गुलाबी अंग आणि काळं डोकं, त्यांचा कलकलाट एवढा असतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. कोणाला किती पक्षी दिसले ते मोजायला लावा, भांडणं होतील पण अर्धा तास मोबाईल कोणी मागणार नाही. खाली पडलेलं एक फूल उचलून हातात द्या, पाच जाडजूड पाकळ्या, मेणासारख्या गुळगुळीत, आणि मधे पुंकेसरांचा झुबका. वजनाला एवढं भारी असतं की झाडावरून पडताना धप्प असा आवाज येतो, तो आवाज ऐकायला माझी मुलगी अजूनही झाडाखाली कान देऊन बसते.

पळस मात्र टेकडीपेक्षा गावाकडच्या रस्त्यांना जास्त भेटेल, शेताच्या बांधाला, माळावर. पळसाला पानं तीनच हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण प्रत्यक्षात मोजून बघायला लावा, पानं जुनी राहिलेली असतात एखाद्या फांदीला. आणि पडलेली फुलं पिशवीभर आणा. रंगपंचमीच्या आदल्या रात्री दोन-तीन ओंजळी फुलं उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवायची, सकाळी गाळलं की मस्त केशरी पिवळा रंग, कपड्यावर दिसतो आणि डोळ्यात गेला तरी धसका नाही. चिमूटभर खायचा चुना टाकला तर रंग आणखी गडद होतो, पण मग तो डोळ्यांपासून लांबच ठेवा, बादलीतून अंगावर ओतायला वापरा. झाडावरची फुलं ओरबाडू नका एवढं मुलांना सांगा, खाली भरपूर असतात.

एक इशारा, आणि हा मी सीरियसली देतेय. ह्या दिवसांत गड-लेण्यांच्या कड्यांना आणि मोठ्या झाडांना आग्या मोहोळं असतात. उग्र परफ्यूम मारून जाऊ नका, मोठ्याने गाणी नकोत, धूर तर अजिबात नको, आणि मोहोळाला दगड मारणारं कार्टं आपल्या ग्रुपमध्ये असेल तर त्याचा हात धरून चाला. टेकड्यांवर गवत वाळलेलं असतं, सिगरेटचं थोटूक टाकलं की अख्खा उतार काळा होतो, दरवर्षी होतो.

आता जरा लांबचं. भिगवण. सोलापूर रोडने साधारण शंभर किलोमीटर, उजनी धरणाचं बॅकवॉटर. पाणी ओसरायला लागलं की उथळ चिखलात रोहित उतरतात, म्हणजे आपले फ्लेमिंगो, आणि मार्च अखेरपर्यंत चांगले दिसतात, त्यानंतर भरवसा नाही. घरातून चारला निघायचं, कुंभारगाव किंवा डिकसळला साडेसहाच्या आसपास होडीत. गावातलीच मुलं होडी चालवतात आणि त्यांना पक्षी आपल्यापेक्षा दहापट कळतात, त्यामुळे गुगल बंद करा आणि त्यांना विचारा. होडी फार जवळ घ्या असा हट्ट धरू नका, थवा उडाला की फोटो छान येतो हे खरं, पण ते बिचारे खायला आलेले असतात, त्यांना उडवून आपण काय मिळवलं. आजी-आजोबांना नेणार असाल तर होडीत चढताना चिखल आहे, जुन्या चपला घाला आणि प्लॅस्टिकची खुर्ची मिळते का ते आधीच विचारून ठेवा. साडेनऊला बाहेर, आणि मासे खाणारे असाल तर तिथेच चिलापी फ्राय आणि ज्वारीची भाकरी खाऊन दुपारी घरी येऊन झोपायचं. आमच्याकडे सासूबाई शाकाहारी आहेत, त्या पिठलं-भाकरी खातात आणि आमच्या ताटाकडे न बघता पक्ष्यांबद्दल बोलतात, त्यांचाही दिवस छान जातो.

सिंहगड सगळ्यांना माहीत आहे, त्यावर काय लिहायचं, फक्त आठच्या आत वर पोचा आणि मडक्यातलं दही खाऊन दहाला खाली या. महाबळेश्वर शनिवार-रविवारी माझ्या मते नकोच, पसरणी घाटातच ऊन डोक्यावर येतं, स्ट्रॉबेरीचा एवढाच मोह असेल तर वाईतून घ्या आणि मेणवलीला घाटावर बसून खा, गर्दी कमी आणि नदी फुकट.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला विचाराल तर चैत्रातलं बेस्ट आउटिंग म्हणजे गावची जत्रा. स्वतःचं गाव नसेल तर मित्राचं गाव धरा, जत्रेला कोणी नाही म्हणत नाही. पश्चिम महाराष्ट्रात होळीनंतर ते थेट वैशाखापर्यंत कुठे ना कुठे जत्रा असतेच, जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला, वाईजवळ बावधनचं बगाड रंगपंचमीला, पण ह्या मोठ्या ठिकाणी लहान मुलं घेऊन जायचं म्हणजे गर्दीचा विचार करा. छोट्या गावची जत्रा निवांत असते. तारीख कॅलेंडरवर शोधू नका, ती तिथीवर असते, दरवर्षी बदलते, गावात फोन करून विचारा. दुपारी चारनंतर पोचा. आधी देवाला नारळ, मग गोडी शेव आणि रेवड्या, मग पाळणा, मग कुस्त्यांचा फड. कुस्ती बघायला पुढे जागा धरायची असेल तर पोतं किंवा जुनी चादर न्या. मुलींना घेऊन जा फडात, बाजूला उभं करू नका, आता मुलींच्याही कुस्त्या लागतात बऱ्याच ठिकाणी. रात्री छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, निघतो तो बघितल्याशिवाय परतू नका. आणि मुलांच्या हातात शंभर-दीडशे रुपये देऊन "हे तुझे, परत मागायचे नाहीत" असं सांगा, मग बघा कसा हिशोब शिकतात.

आता दुपारचं. दुपारी बाहेर जायचं नाही हे ठरलंय, मग घरात करायचं काय, तर वाळवण. सगळ्यांना वाटतं हे आजीच्या काळातलं, आता कोण करतंय, पण फ्लॅटच्या बाल्कनीत होईल असं एक तरी करा, बटाट्याचा कीस. दोन किलो मोठे जुने बटाटे घ्या, नवे चिकट होतात. अर्धवट उकडा, म्हणजे सुरी जाईल पण बटाटा फुटणार नाही इतपत. साल काढून मोठ्या भोकाच्या किसणीने थेट प्लॅस्टिकच्या कागदावर किसायचं, किसणी सरकवत सरकवत, म्हणजे कीस एकावर एक पडत नाही आणि हाताने पसरावा लागत नाही. वरून हलकं मीठ भुरभुरवा. हे काम मुलं आवडीने करतात, फक्त बोटं सांभाळा. दोन दिवस कडक ऊन मिळालं की कुरकुरीत वाळतो, वर्षभर डब्यात राहतो, उपासाला तळून शेंगदाणे, तिखट, मीठ, पिठीसाखर.

साबुदाण्याच्या पापड्या त्याहून सोप्या, रात्री भिजवा, सकाळी मीठ-जिरं घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि चमच्याने कागदावर गोल गोल टाका. संध्याकाळपर्यंत वरून वाळलेल्या आणि आतून ओल्या असतात, तेव्हाच निम्म्या संपतात. त्या संपू द्या. कुरडयांच्या वाटेला नवीन माणसाने एकट्याने जाऊ नये, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, त्यात एखादी जाणती बाई लागतेच. पण सोसायटीत कोणी करत असेल तर मदतीला जा आणि मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक मागा, तूप-साखर घालून किंवा तेल-तिखट. मी तेल-तिखट पार्टीतली.

पन्हं सगळ्यांच्या घरी होतं पण प्रमाणावरून वाद, म्हणून माझं प्रमाण देते. कैऱ्या कुकरला दोन-तीन शिट्ट्या, साल काढून गर मोजा, एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ, कैरी फार आंबट असेल तर दोन. गूळ गर कोमट असतानाच घाला, आपोआप विरघळतो. मग मीठ, वेलची, केशर असेल तर चार काड्या. हा गर फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकतो, हवं तेव्हा ग्लासात दोन-तीन चमचे आणि वरून माठाचं पाणी. बर्फ घातलात तर चव मरते, माझं स्पष्ट मत आहे.

आणि सोबत कैरीची डाळ. हरभरा डाळ चार तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाटायची, त्यात कैरीचा कीस, ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ, किंचित साखर, वर मोहरी-हिंग-हळद-सुक्या मिरचीची फोडणी. फोडणी गार करून घाला, आणि जरा सढळ हाताने, डाळ कोरडी लागली तर घशात बसते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू चैत्र तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर कधीही करता येतं, तेव्हा एखादा रविवार पकडा, शेजारच्या चार जणींना बोलवा, पुरुषमंडळींना कलिंगड कापायला बसवा.

माठ घेतला असेल तर नव्या माठात पहिले पाणी भरून एक दिवस ठेवून ओतून टाका, साबण कधी लावू नका, आणि वारा लागेल अशा सावलीत ठेवा. पाणी झिरपून बाहेर वाळतं तेव्हाच आतलं गार होतं, स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात ठेवून "ह्या माठाला पाणी गार होत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. वाळ्याची जुडी धुऊन आत टाका, वास गेला की बदला.

संध्याकाळी गच्ची. सहाला मशीनचं धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी बादलीभर शिंपडा, सतरंजी टाका, भेळ वर घेऊन जा. पत्ते न्या, मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन मोठ्यांसाठी, गुलामचोर छोट्यांसाठी, पण आजोबांना गुलामचोरमध्ये घ्या, ते चीटिंग करतात आणि पोरं हसून लोळतात. एप्रिलमध्ये मोगरा स्वस्त होतो, गजरा नाही घातला तरी वाटीत पाणी घालून मधे ठेवा. वर झोपणार असाल तर मच्छरदाणी, आणि पहाटे चारला गार होतं म्हणून पांघरूण.

एप्रिलमध्ये वळीव कधीही येतो, दुपारी आभाळ भरलं की आधी वाळवण आत, मग बाकी सगळं. आणि क्रम लावायचा असेल तर सावर आणि भिगवण मार्चमध्येच उरका, भोरड्या एप्रिलमध्ये परत जायला लागतात. जत्रा तिथीप्रमाणे. आंब्याची घाई नको, अक्षय्य तृतीयेनंतर भाव उतरतो.