ईस्टरला घरात काहीतरी नवीन सुरू करायचंय? आधी कांद्याची सालं जमवा

गावठाणात राहत होतो तोवर ईस्टरचं काही ठरवावंच लागायचं नाही. आजी फुगे (आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे) तळायची, काका इंदियाल (मांसाचं झणझणीत आंबट कालवण) करायचा, कोणीतरी मार्झिपॅनचे (काजू-साखरेच्या मिठाईचे) साचे शोधत घरभर फिरायचं, आपण नवे कपडे घालून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचं बस. मग बोरिवलीला फ्लॅटमध्ये आलो आणि पहिल्याच ईस्टरला चर्चमधून येऊन आम्ही चौघं टीव्ही लावून बसलो. तेव्हापासून दरवर्षी काही ना काही करून बघतोय. अर्धं बारगळलं, जे टिकलं ते सांगते.

तारीख बघा, आणि एकच गोष्ट निवडा

21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तारीख हलते. 2026 ला 5 एप्रिल, 2027 ला 28 मार्च. म्हणजे मुलांच्या परीक्षांच्या आगेमागेच, म्हणून आठवडाभर खपायला लागेल असं काही ठरवूच नका. आम्ही पहिल्या वर्षी अंडी, केक, सात चर्चची फेरी असं सगळं एकदम काढलं आणि शनिवारी रात्री मी आणि नवरा किचनमध्ये भांडत होतो. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, सात चर्चना जायची रीत आहे, आता आम्ही सातऐवजी तीनच करतो, वांद्र्याला हिल रोडवर सेंट पीटर्स आणि सेंट अँड्र्यूज चालत होतात, तिसरं येताना घराजवळचं. आजीला हे पटत नाही, पण मुलं आता कुरकुर न करता येतात.

अंडी रंगवणं (हे सगळ्यात जास्त टिकलं)

बाजारचे रंग नकोत, कांद्याची सालं पुरतात. आठवडाभर आधीपासून जमवा, किंवा भाजीवाल्याला सांगा, तो टोपलीच्या तळातली अर्धी पिशवी फुकट भरून देतो आणि वर विचारतो काय करणार म्हणून. आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात वीस मिनिटं उकळायची, गाळायची, थंड करायची, दोन चमचे व्हिनेगर घालायचं. व्हिनेगरने कवच किंचित खरबरीत होतं आणि रंग नीट धरतो.

खरी गंमत पानांची. पांढऱ्याच अंड्याला पाण्याचं बोट लावून कोथिंबिरीचं एक कोवळं पान चिकटवायचं, त्यावर जुन्या पातळ ओढणीचा तुकडा गच्च ताणून मागे दोऱ्याने बांधायचा, मग गाळलेल्या पाण्यात ठेवून मंद आचेवर उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं. फ्रीजमधलं अंडं डायरेक्ट गरम पाण्यात टाकलंत तर तडकणारच, आधी तासभर बाहेर काढून ठेवा. गार झालं की दोरा मुलांना कापू द्या. विटकरी अंड्यावर पानाची पांढरी नक्षी, शिरेसकट, उमटलेली असते. माझा मुलगा एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो इथे तासभर बसतो. शेवटी तेलाचा हात फिरवला की चकाकतात.

शनिवारची मेणबत्ती

रात्रीच्या विधीला चर्चबाहेर नवीन अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची (म्हणजे ईस्टरची) मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून सगळ्यांच्या छोट्या. आम्ही ती छोटी पेटतीच घरी न्यायचं ठरवलं होतं, रिक्षात दोन मिनिटांत विझली. आता विझवूनच आणतो, घरी परत लावतो, आणि उरलेल्या तुकड्यावर सुईने वर्ष कोरून डब्यात टाकतो. मुलांना तो डबा उघडून तुकडे मोजायला फार आवडतं.

अंडी लपवताना

ईस्टरला मुलांनी शोधावीत म्हणून अंडी लपवतात, पण चॉकलेटची अंडी कंपाउंडमध्ये लपवू नका, आपल्या उन्हात नऊ वाजता त्याचं सरबत होतं. उकडलेलीही बाहेर नकोत, कारण कावळे. आम्ही मिस्सावरून येईपर्यंत चार अंडी गायब, वॉचमन म्हणाला, मॅडम, कावळ्याने माझ्यासमोर नेलं. म्हणून घरातच लपवा, बारा असतील तर बारा जागा कागदावर लिहून ठेवा. एक वर्ष लिहिलं नव्हतं, अकरा सापडली. बारावं चपलांच्या कपाटामागे होतं ते आठ दिवसांनी वासाने कळलं.

शेजाऱ्यांचा डबा

दिवाळीला समोरच्या काकू फराळ देतात, मग ईस्टरला आपला डबा जायलाच हवा. त्या अंडं खात नाहीत, म्हणून मार्झिपॅन अंड्याच्या पांढऱ्याशिवाय करते. पाव किलो काजू मिक्सरला थांबून थांबून फिरवायचे, सलग फिरवले तर तेल सुटतं. त्यात पाव किलो पिठीसाखर, आणि गुलाबपाणी एकेक चमचा घालत मळायचं, गोळा झाला की थांबा. साचे नसतील तर हातानेच अंडी वळा. काकू म्हणाल्या, ही तर काजूकतलीची बहीण! तेव्हापासून डबा परत येताना रिकामा येत नाही.

सोमवारी मुंबईत सुट्टी नसते हे लक्षात ठेवा, म्हणून घरात लपवलेली अंडी रविवारी सकाळीच शोधून लगेच फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी बाटली मसाल्याची (ईस्ट इंडियन घरांत बाटलीत भरून ठेवतात तो मसाला) अंडाकरी होते. तडकलेल्या अंड्यांवर आतून विटकरी रेघा उतरलेल्या असतात, नवऱ्याच्या ऑफिसात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, हे अंडं असं का दिसतंय.