पद्मिनीचे सस्पेन्शन आणि स्टीअरिंग सुधारण्याआधीची तयारी

सोलापूरच्या रस्त्यांवर नेमाने धावणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे सस्पेन्शन आणि स्टीअरिंग सुधारायचे ठरले, की सुट्या भागांच्या दुकानात जाण्यापूर्वी गाडीचा वापर कागदावर लिहून काढावा: नवी पेठ आणि सात रस्ता भागातील सावकाश फेऱ्या किती, वाटेत गतिरोधक किती, आणि पुणे किंवा विजयपूरच्या महामार्गावर गाडी किती वेळा जाते. पुढे कॉइल स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अॅक्सल व कमानपाटे (वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि वर्म (मळसूत्रासारखा दांडा) प्रकारचा स्टीअरिंग बॉक्स ही मूळ रचना अशा वापराला पुरेशी आहे. म्हणून आधी तिच्यातील झीज काढावी आणि मगच नव्या भागांचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी स्टीअरिंगची. चाके सरळ ठेवून, इंजिन बंद असताना, स्टीअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीची खूण करावी आणि पुढचे चाक हलू लागेपर्यंत ती खूण किती सरकते ते मोजावे. हा खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, दोन-अडीच सेंटिमीटरहून अधिक भरला, तर सोबतच्या माणसाला स्टीअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायला सांगून आपण गाडीखाली पाहावे. टाय रॉड एंड (चाकाला वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), आयडलर आर्म (दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) आणि बॉक्सचे बोल्ट यांपैकी ढिले काय आहे, ते तिथेच दिसते. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवले असता किंग पिनची (पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिची) झीज कळते, मात्र ती बेअरिंगच्या ढिलेपणापासून वेगळी ओळखावी लागते. बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ घालवण्याची घाई करू नये, कारण वर्म मधोमध सर्वाधिक झिजतो आणि तिथला खेळ काढला, की पूर्ण वळणावर स्टीअरिंग अडकू लागते.

यानंतर सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहावे. गाडी मागे बसली असेल तर बरेच जण जादा पाटा घालतात. मला ते मान्य नाही, कारण त्याने मागची बाजू ताठ होते आणि धक्के थेट बॉडीत जातात. जुने पाटे पुन्हा वाकवून घेणे किंवा पूर्ण संच बदलणे हाच योग्य उपाय आहे. शॉकअॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत, आणि गॅसचे घ्यायचे असल्यास मूळ स्प्रिंगला झेपतील इतपत मऊ निवडावेत. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात रबरी बुश (सांध्यांत बसवलेल्या रबरी नळ्या) लवकर कडक होतात, तरीही पॉलीयुरेथेनऐवजी चांगल्या प्रतीचे रबरच मला श्रेयस्कर वाटते, कारण कडक बुशमधून खडबडीत रस्त्याचा थरथराट आत येतो. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

टायर रेडियल घ्यायचे असतील तर चारही घ्यावेत. पुढे रेडियल आणि मागे जुन्या बांधणीचे टायर अशी जोडी वळणावर धोकादायक ठरते. रेडियलला टो-इन (पुढच्या चाकांचा समोरून किंचित आत असलेला कल) कमी लागते, हे अलाइनमेंट करणाऱ्याला आधीच सांगावे.

इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचा मोह अनेकांना होतो. त्याने हाताला हलके वाटते, पण झिजलेल्या जोडांतील खेळ तसाच राहतो. शिवाय ज्या पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर आहे, तिच्यात जागेची अडचण उद्भवते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांना मनाई करते, त्यामुळे असे काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी. ५० वर्षांहून जुन्या गाडीची २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी करायची असेल, तर ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही आधीच ठरवून घ्यावे.

काम झाल्यावर पहिली चाचणी शहरात सावकाश, दुसरी महामार्गावर ६०-७०च्या वेगाने घ्यावी. पाटे व स्प्रिंग बसू लागतात, म्हणून काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) पुन्हा आवळून, अंतरे पुन्हा मोजून, अंतिम अलाइनमेंट तेव्हाच करून घ्यावे.