लहान मुलांचा टीबी: लॅबला सॅम्पल पाठवताना या चुका टाळा

परळ भागातल्या एका लॅबमध्ये टीबीच्या सॅम्पलवर काम करते मी, एकवीस वर्षं झाली. मोठ्यांच्या बेडक्याच्या डब्या रोज येतातच, पण लहान मुलाचं सॅम्पल आलं की मी आधी डबी उजेडात धरून बघते आणि मग फॉर्म वाचते, कारण निम्मी गडबड तिथेच दिसते. मशीन कितीही महाग असू दे, सॅम्पल चुकीचं आलं तर ते काय करणार. वॉर्डात नवीन आलेले रेसिडेंट, नवीन सिस्टर, आमच्याकडचे नवीन टेक्निशियन, सगळ्यांकडून त्याच त्याच चुका होतात म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

सगळ्यात आधी फॉर्मेलिन, म्हणजे काढलेला तुकडा टिकवायचं रसायन. मुलांमध्ये मानेच्या गाठींचा टीबी भरपूर दिसतो. गाठ काढली की ऑपरेशन थिएटरमधलं माणूस सवयीने ती फॉर्मेलिनमध्ये टाकतं, कारण बायोप्सी म्हणजे फॉर्मेलिन हे हातात बसलेलं असतं. पॅथॉलॉजीसाठी ते बरोबरच आहे, पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यावर कल्चर लागत नाही, म्हणजे जंतू वाढवून बघता येत नाहीत, आणि कल्चर नाही म्हणजे कुठलं औषध चालेल ते कळायचा रस्ताच बंद.

काही वर्षांपूर्वी गोवंडीची एक नऊ वर्षांची मुलगी होती. मानेत उजव्या बाजूला गाठ, उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये ती काढली आणि अख्खीच्या अख्खी फॉर्मेलिनमध्ये टाकली. तिचे वडील कामावर खाडा करून, कुर्ल्याला गाडी बदलून, पिशवीत ती बाटली सांभाळत आमच्या खिडकीशी आले. "ताई, डॉक्टरांनी टीबीची टेस्ट करायला सांगितलंय." वास आला तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडला. आता यावर टेस्ट होणार नाही हे त्यांना सांगितलं तर ते विचारतात, मग दुसरी गाठ कुठून आणू? पॅथॉलॉजीत टीबीसारखंच चित्र आलं, साधी औषधं सुरू झाली. अडीच महिन्यांनी डाव्या बाजूला गाठ. आता औषध चालू असताना गाठ फुगू शकते हे खरंच आहे, म्हणून अजून काही आठवडे वाट बघण्यात गेले, आणि शेवटी सुईने पू काढून सलाइनमध्ये पाठवला तेव्हा सीबीनॅटने, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनने, दोन तासांत सांगितलं की रिफाम्पिसिन रेझिस्टंट, म्हणजे टीबीचं हे मुख्य औषध तिच्यावर चालणारच नाही. चार महिने त्या पोरीने चुकीच्या गोळ्या गिळल्या. पहिल्याच दिवशी गाठीचा अर्धा तुकडा सलाइनमध्ये टाकला असता तर हे टळलं असतं.

माझी पद्धत सांगते. ऑपरेशनच्या आधी दोन बाटल्या तयार, नंतर शोधाशोध नाही. एक फॉर्मेलिनची, एक स्टराइल बाटली नॉर्मल सलाइनची, आणि सलाइनच्या बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्या अक्षरात "टीबी". ही बाटली त्याच दिवशी लॅबला. मुंबईत रेझिस्टंट टीबी इतका दिसतो की "पॅथॉलॉजीत टीबी आला, बास झालं" असं म्हणणं मला पटतच नाही.

दुसरी चूक, जिच्यावर मी सगळ्यात जास्त फोन केलेत, ती म्हणजे पोटातलं पाणी म्हणजे गॅस्ट्रिक अ‍ॅस्पिरेट भलत्या वेळी काढणं. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. रात्रभर गिळलेला बेडका पहाटे पोटात साठलेला असतो आणि आपल्याला तोच हवा असतो. मूल उठलं, चाललं, दूध प्यायलं की तो पुढे सरकला. आणि आमच्याकडे दहा वाजता डबी येते तिच्यात दूध आणि बिस्किटाचा भुगा! विचारलं तर "राउंडनंतर काढलं". मग रिपोर्ट निगेटिव्ह जातो, आणि तो कागद आईच्या फाइलमध्ये बसतो की टीबी नाही.

मूल निदान चार-सहा तास उपाशी हवं, पहाटे अंथरुणातून उठायच्या आत नळी घालायची, लागोपाठ दोन-तीन दिवस. काहीच आलं नाही तर थोडं नॉर्मल सलाइन घालून परत ओढायचं. पोटातल्या आम्लाने जंतू मरतात म्हणून लॅबला पोचायला वेळ लागणार असेल तर सोडियम बायकार्बोनेट घालायचं, आणि हे फार लोक विसरतात. मी डबीवर "किती वाजता काढलं" हे लिहायलाच लावते, वेळ नसेल तर वॉर्डला फोन. नाइटच्या सिस्टर आधीच दमलेल्या असतात, पहाटे पाचला रडणाऱ्या मुलाला नळी घालणं सोपं नाही हे मला माहितीये, पण एक नीट काढलेलं सॅम्पल घाईच्या तीन सॅम्पलपेक्षा बरं. नळी जमतच नसेल तर शी पाठवा. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या मुलांच्या टीबीच्या गाइडलाइनमध्ये सीबीनॅटसारख्या मॉलिक्युलर टेस्टसाठी शीचं सॅम्पल चालतं, थोडीशीच लागते, आणि आईला ते घरीही जमतं. फक्त तुमची लॅब शीवर ती टेस्ट करते का ते आधी विचारून घ्या.

आता निगेटिव्हबद्दल. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एका मिलीलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात, त्याच मशीनच्या नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला त्याहून बरेच कमी. मुलांमध्ये मुळातच जंतू इतके थोडे की कल्चरसुद्धा निम्म्याहून जास्त मुलांत निगेटिव्ह येतं. म्हणून वजन वाढत नाहीये, दोन आठवड्यांच्या वर ताप-खोकला आहे, एक्स-रेमध्ये गाठी आहेत, आणि तरी "सीबीनॅट निगेटिव्ह, घरी जा" असं सांगितलं की मला राग येतो. अल्ट्रावर "ट्रेस", म्हणजे जंतूंचा अगदी पुसटसा माग, आला तर मुलांमध्ये तो पॉझिटिव्हच धरतात, पण त्यात रिफाम्पिसिनचं काही कळत नाही, त्यामुळे दुसरं सॅम्पल लगेच घ्या. आणि कल्चर लावलंय तर थांबा, लिक्विड कल्चरलासुद्धा सहा आठवड्यांपर्यंत लागतात, पाचव्या दिवशी "रिपोर्ट झाला का" म्हणून फोन करून जंतू लवकर वाढत नाहीत. अर्थात तोवर औषध सुरू करायचं की थांबायचं हे डॉक्टरांनी मुलाकडे बघून ठरवायचं, लॅबच्या कागदाकडे बघून नाही.

मॅन्टूचं, म्हणजे हातावर सुई टोचून करायच्या टीबीच्या टेस्टचं, वेगळंच. फुगवटा मोजायचा असतो, लाली नाही. ४८ ते ७२ तासांत, हाताला आडवा, मिलीमीटरमध्ये. मी बॉलपेनने बाहेरून आत रेघ ओढत आणते, पेन अडतं तिथे खूण, दोन्ही बाजूंनी, मग पट्टी. दहा मिलीमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह, एचआयव्ही असेल किंवा मूल फार कुपोषित असेल तर पाच. हल्ली आईबाप व्हॉट्सअ‍ॅपवर हाताचा फोटो पाठवतात आणि पलीकडून उत्तर येतं "ठीक आहे", अहो फोटोत फुगवटा हाताला लागतो का? आणि पॉझिटिव्ह म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरलेत एवढंच, आजार आहेच असं नाही. टीबी गोल्ड या रक्ताच्या टेस्टचंही तेच. उलट कुपोषित मुलात, गोवरानंतर किंवा टीबी अंगभर पसरलेला असताना मॅन्टू साफ निगेटिव्ह येऊ शकते.

रक्तातून टीबीची आयजीजी-आयजीएम, म्हणजे अँटिबॉडी बघणारी टेस्ट मागू नका, भारतात २०१२ मध्येच बंदी आलीये तिच्यावर.

सॅम्पल घ्यायच्या आधी खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन देऊ नका, टीबी अर्धवट दबतो आणि आमच्याकडे निगेटिव्ह दिसतो.

डबी नळाच्या पाण्याने विसळू नका, त्या पाण्यातही टीबीच्या जातकुळीतले जंतू असतात.

पाठीतलं पाणी चार थेंब पाठवून टीबी मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी, "नाही" म्हणू नका, डॉक्टरांना सुरक्षितपणे जितकं काढता येईल तितकं पाठवा.

सॅम्पलला उशीर होणार असेल तर साध्या फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

शेवटची गोष्ट टेस्टची नाही, फॉर्मची आहे. हिस्टरीच्या रकान्यात "टीबी सस्पेक्ट" एवढंच लिहिलेलं असतं. त्या गोवंडीच्या मुलीच्या काकांनी दोन वर्षांपूर्वी एमडीआरचा, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा, कोर्स केला होता, त्याच दहा बाय दहाच्या खोलीत राहून. त्यांची फाइल टीव्हीखालच्या खणात पडलेली होती. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "कुणी विचारलंच नाही, ताई." तेव्हापासून मुलाचं सॅम्पल घेऊन जो कोणी खिडकीशी येतो त्याला मी विचारते, घरात, शेजारी, क्लासला कुणाला टीबी झालाय का, आणि हो म्हणाले तर त्या माणसाच्या रिपोर्टचा फोटो मागवते आणि कुठलं औषध रेझिस्टंट होतं ते फॉर्मच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिते.