संत्र्याच्या सालीतून लिमोनीन कसे काढावे

गांजाच्या काही वाणांना लिंबासारखा वास येतो, त्यामागे लिमोनीन नावाचे टर्पीन, म्हणजे वनस्पतींना वास देणारे एक संयुग, असते. संत्र्याच्या सालीतील तेलात तर त्याचे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक असते. म्हणून ते काढायचे असल्यास सालच घ्यावी.

ताज्या सालीचा फक्त नारिंगी थर किसून घ्यावा. तो पाण्यासह फ्लास्कमध्ये निम्म्यापर्यंतच भरावा आणि शीतक, म्हणजे वाफ थंड करून तिचा द्रव करणारी नळी, जोडून त्यात थंड पाण्याचा प्रवाह सुरू करावा.

खरी कसोटी आचेची असते. लिमोनीन 176 अंश सेल्सिअसला उकळते, तेव्हा आच वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळे दोहोंच्या बाष्पदाबांची, म्हणजे वाफेच्या दाबांची, बेरीज होते आणि मिश्रण 100 अंशांच्या किंचित खालीच उकळू लागते, त्यामुळे तेल वाफेबरोबर आपसूक वर येते. हे ठाऊक असूनही मी सुरुवातीला घाई केली. सालीतल्या पेक्टिन या चिकट पदार्थामुळे दाटलेला फेस बघता बघता फ्लास्कच्या मानेपर्यंत चढला, शीतकात शिरला आणि खालच्या भांड्यात पिवळट, गढूळ पाणी जमले. त्यातून रात्रभर थांबूनही तेल वेगळे झाले नाही. तेव्हापासून सेकंदाला एक थेंब, याहून अधिक वेग मी येऊ देत नाही. शीतकाचे खालचे टोक हाताला कोमट लागले, तर आच लगेच कमी करावी, नाहीतर सुगंध खोलीत आणि भांड्यात नुसते पाणी, अशी गत होते. बहुतेक तेल सुरुवातीलाच येते. नव्या थेंबांवरची तेलकट चमक दिसेनाशी झाली की थांबावे.

लिमोनीन ज्वलनशील असल्याने उघडी ज्योत न वापरता विजेची शेगडी वापरावी, आणि वाफेची वाट कुठेही बुचाने बंद करू नये.

लिमोनीनची घनता पाण्याच्या सुमारे 0.84 पट असल्याने ते पाण्यावर तरंगते. पाण्यात थोडे मीठ विरघळवून भांडे स्थिर ठेवावे आणि वरचा थर ड्रॉपरने उचलावा. खात्री करायची असल्यास थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहावा. तिथे लगेच खळगा पडतो.

हवेशी संपर्क आल्यास लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणाऱ्या संयुगांमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते गडद काचेच्या लहान बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, थंड जागी ठेवावे.