डोमेनच्या नोंदीत काय झाकावे आणि काय खरे ठेवावे

डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग डोमेन (संकेतस्थळाचे नाव) घेताना दिलेले नाव, पत्ता, फोन आणि ईमेल 2018 पर्यंत डोमेन कोणाचे हे सांगणाऱ्या ‘हूइज’ या सेवेत जगातल्या कोणालाही वाचता येत असत. त्या वर्षी 25 मे रोजी युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा लागू होणार असल्याने डोमेन-व्यवस्थेचा समन्वय करणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 17 मे रोजी तात्पुरते नियम स्वीकारले आणि व्यक्तिगत तपशील झाकण्याची मुभा रजिस्ट्रारांना, म्हणजे डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपन्यांना, मिळाली. तरीही सगळेच झाकले गेले आहे असे गृहीत धरू नये.

प्रथम आयकॅनच्या शोधपानावर आपले डोमेन टाकून पाहावे. रजिस्ट्रारचे नाव, नोंदणीची व मुदत संपण्याची तारीख, नेमसर्व्हर (डोमेनचा इंटरनेटवरील ठिकाणा सांगणारे संगणक) आणि डोमेनची स्थिती तेथे दिसणारच, आणि त्यात काही वावगे नाही. राज्य आणि देशही बहुधा दिसतात. खरे लक्ष द्यावे ते ‘संस्था’ या रकान्याकडे, कारण नाव झाकलेले असले तरी हा रकाना उघडा राहू शकतो आणि घरून व्यवसाय करणारे अनेकजण त्यात स्वतःचेच नाव लिहून मोकळे होतात. व्यक्ती म्हणून नोंदणी करत असाल तर तो कोरा ठेवावा. मात्र जुन्या डोमेनवर हा बदल करण्याआधी रजिस्ट्रारला विचारून घ्यावे. नाव, संस्था किंवा ईमेल बदलल्यास डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर 60 दिवसांची बंदी येऊ शकते.

रजिस्ट्रार ‘प्रायव्हसी’ किंवा ‘प्रॉक्सी’ सेवा देऊ करतात. पहिलीत डोमेनधारक तुम्हीच राहता आणि फक्त संपर्काचे तपशील बदलून दाखवले जातात. दुसरीत मात्र नोंदीवर सेवा देणारी कंपनीच डोमेनधारक असते. वाद उद्भवल्यास हा फरक महागात पडतो, म्हणून करार वाचल्याशिवाय प्रॉक्सी घेऊ नये. डॉट इनच्या बाबतीत तर हे दोन्ही पर्यायच नाहीत: डॉट इनचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या धोरणानुसार तेथे अशा सेवांना परवानगी नाही.

पत्ता लपवण्यासाठी खोटी माहिती भरणे हा सर्वांत वाईट उपाय होय. माहितीच्या अचूकतेबाबत रजिस्ट्रारने केलेल्या विचारणेला 15 दिवसांत उत्तर न दिल्यास डोमेन निलंबित होऊ शकते, आणि ते चोरीला गेले तर ते आपले होते हे खोट्या नावावर सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. त्यापेक्षा केवळ डोमेनसाठी वेगळा ईमेल ठेवावा, पण तो त्याच डोमेनवरचा नसावा. मुदत संपून डोमेन बंद पडले, तर नूतनीकरणाची सूचनाही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. 2018 पूर्वीच्या नोंदींच्या प्रती खासगी संग्रहांत शिल्लक असतात. आता केलेल्या बदलाने त्या पुसल्या जात नाहीत.

उलट बाजूने, एखाद्या फसव्या संकेतस्थळामागे कोण आहे हे हवे असेल, तर आधी नोंदीत दिलेल्या निनावी ईमेलवर किंवा अर्जावर डोमेनधारकाशी संपर्क साधावा आणि रजिस्ट्रारच्या गैरवापर-तक्रार पत्त्यावर पुराव्यासह लिहावे. झाकलेली माहितीच हवी असल्यास आयकॅनने नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या विनंती-सेवेतून मागणी नोंदवता येते. ती डॉट इनसारख्या देशनिहाय डोमेनना लागू नाही, आणि मागणी केली म्हणजे माहिती मिळालीच असेही नाही: कारण, कायदेशीर आधार आणि कोणते तपशील हवेत हे नेमके लिहिलेले असले तरी निर्णय शेवटी रजिस्ट्रारचाच असतो.