अमेरिकन प्रायमरीत आत्ता पुढे असलेला शेवटपर्यंत टिकतो का? पोल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतली एक अध्यक्षीय निवडणूक संपून वर्ष पण होत नाही तोवर पुढच्या निवडणुकीचे पोल यायला लागतात, आणि मग न्यू जर्सीपासून ठाण्यापर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपवर तोच स्क्रीनशॉट फिरतो, अमुक ३५ टक्क्यांवर, तमुक १८ वर, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं "चला, ठरलं". अहो, अजून कुणी फॉर्म पण भरलेला नसतो! मी स्वतः २००७ च्या दिवाळीत छातीठोकपणे सांगत होतो की डेमोक्रॅट्सकडून हिलरी क्लिंटनच येणार, आणि मी नेमका कुठे चुकलो हे नीट कळायला पुढच्या दोन-तीन निवडणुका जवळून बघाव्या लागल्या. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय.

आधी दोन ओळीत प्रकार काय आहे ते. आपल्याकडे तिकीट पक्षाचे वरचे लोक ठरवतात, तिकडे पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात, याच मतदानाला प्रायमरी म्हणतात, पण ते एका दिवशी होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एक-दोन छोटी राज्यं, मग हळूहळू बाकीची, जूनपर्यंत हे चालतं, आणि प्रत्येक राज्यातून उमेदवाराच्या नावाचे डेलिगेट निवडले जातात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट तो उमेदवार. सगळा घोळ या "एका दिवशी नाही" मध्ये आहे.

चूक पहिली: देशभराच्या पोलला निकाल समजणं

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात चुलीवर चढलेला तरी पाहिजे ना. मतदानाच्या वर्षभर आधी जेव्हा पोलवाले फोन करतात तेव्हा समोरच्याने त्या विषयावर दोन मिनिटं पण विचार केलेला नसतो, तो ओळखीचं नाव सांगतो आणि फोन ठेवतो. २००७ चं पूर्ण वर्ष हिलरी देशभराच्या पोलमध्ये पुढे होत्या, शरद ऋतूत तर ओबामांच्या वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे. नवरा माजी राष्ट्राध्यक्ष, स्वतः सिनेटर, पैसा, ओळखी, सगळं होतं. पण पहिलं मतदान देशभर नव्हतंच, ते आयोवा या छोट्या राज्यात होतं आणि तिथले पोल तेव्हाही हिलरी, ओबामा आणि माजी सिनेटर जॉन एडवर्ड्स या तिघांमध्ये अटीतटीचे दिसत होते. ते आम्ही कुणी बघतच नव्हतो.

३ जानेवारी २००८ ला आयोवात कॉकस झाला. कॉकस म्हणजे संध्याकाळी शाळेत नाहीतर एखाद्या हॉलमध्ये जमायचं आणि सगळ्यांसमोर आपल्या उमेदवाराच्या गटात जाऊन उभं राहायचं. ओबामा ३८ टक्के, एडवर्ड्स ३० च्या जवळ, हिलरी २९ च्या वर आणि तिसऱ्या. चार वर्षांपूर्वी तिथे डेमोक्रॅट्सच्या कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, यावेळी जवळपास २ लाख ४० हजार. म्हणजे पोलवाल्यांच्या "नक्की मतदान करणारे" या यादीत जे नव्हतेच असे हजारो लोक त्या थंडीत घराबाहेर पडले, त्यात तरुण पोरं खूप.

आणि खरी गोष्ट पुढे आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००७ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांचा मोठा हिस्सा हिलरींसोबत होता, ओबामा आवडत नव्हते म्हणून नाही, तर गोरे लोक एका कृष्णवर्णीय माणसाला मत देतील यावर विश्वासच बसत नव्हता. आयोवा जवळपास पूर्ण गोऱ्यांचं राज्य. तिथे तो माणूस जिंकला आणि एका रात्रीत ती शंका गेली. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलिनात, जिथे डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, ओबामा ५५ टक्के, हिलरी २७. जो पाठिंबा हिलरींच्या खात्यावर जमा दिसत होता त्यातला मोठा भाग नुसता वाट बघत थांबलेला होता! पोलमध्ये "पाठिंबा" आणि "सध्या तरी" या दोन्हीला एकच टक्का मिळतो, त्यामुळे लीड बघताना तो कुठल्या लोकांचा आहे आणि ते लोक कशाची वाट बघतायत हे विचाराच.

चूक दुसरी: ओळख म्हणजे पाठिंबा असं धरणं

त्याच वर्षी रिपब्लिकन बाजूला रूडी जुलियानी देशभर पुढे होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर, त्यामुळे नाव घराघरात. त्यांच्या टीमने ठरवलं की सुरुवातीच्या छोट्या राज्यांत फार जोर लावायचा नाही, मोठ्या फ्लोरिडात एकदम बाजी मारायची. पण मधल्या चार आठवड्यांत रोज टीव्हीवर जिंकणाऱ्या दुसऱ्यांचीच नावं, जुलियानी कुठे सहावे, कुठे चौथे, आणि २९ जानेवारीला फ्लोरिडा आलं तोपर्यंत त्यांचा मतदार निघून गेलेला. तिसरे आले, दुसऱ्या दिवशी माघार. आणि उमेदवार कोण झाले तर जॉन मॅकेन, ज्यांची २००७ च्या उन्हाळ्यात तिजोरी रिकामी झाली होती आणि स्टाफ कमी करावा लागला होता.

पैशाचंही तसंच. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅकने, म्हणजे उमेदवाराच्या समर्थनात पण कागदोपत्री वेगळं राहून खर्च करणाऱ्या संस्थेने, २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच १० कोटी डॉलरहून जास्त जमवले, आणि जेब फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनानंतर बाहेर. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःचे ५० कोटी डॉलरहून जास्त ओतले, जिंकले फक्त अमेरिकन समोआ, म्हणजे पॅसिफिकमधली छोटीशी बेटं. आपल्या ओळखीचं उदाहरण पाहिजे असेल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. ती अध्यक्षपदाची नव्हे, २०१८ ची मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी होती, पण गणित सेम. स्वतःच्या खिशातून टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावला आणि सुरुवातीच्या काही पोलमध्ये ते प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर यांच्या बरोबरीला, कुठे कुठे पुढेही दिसत होते, आपल्या लोकांना केवढा आनंद झाला होता तेव्हा. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा व्हिटमर ५२ टक्के, ठाणेदार तिसरे, १८ च्या आसपास. जाहिरातीने नाव पोचतं, पण बाकीच्यांच्या जाहिराती सुरू झाल्या, युनियन आणि पक्षाचे लोक कामाला लागले की तो लीड विरतो. ठाणेदार खचले नाहीत हे पण सांगायला पाहिजे, २०२२ मध्ये ते डेट्रॉइट भागातून थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले.

चूक तिसरी: एका क्षणावर सगळं खापर फोडणं

हॉवर्ड डीन, व्हर्मांट राज्याचे माजी गव्हर्नर. २००३ च्या शेवटी डेमोक्रॅट्समध्ये सगळ्यात पुढे, इराक युद्धाला उघड विरोध, इंटरनेटवरून छोट्या छोट्या देणग्यांतून पैसा उभा करून दाखवला, डिसेंबरमध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी पण पाठिंबा दिला. आणि आज कुणालाही विचारा डीन का हरले, उत्तर एकच, "ते स्टेजवर ओरडले ना". तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पण ती किंकाळी १९ जानेवारी २००४ च्या रात्रीची, आयोवाचा निकाल लागल्यानंतरची! सिनेटर जॉन केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. म्हणजे ते आधी हरले आणि मग ओरडले. हरायचं कारण त्याच्या आधीच्या आठवड्यांत आहे, डीन आणि आणखी एक उमेदवार, काँग्रेसमन डिक गेपहार्ट, एकमेकांवर तुटून पडले होते आणि त्या भांडणाला कंटाळलेला मतदार उरलेल्या दोघांकडे सरकला, शिवाय "हा माणूस बुशला हरवू शकेल का" हा प्रश्न लोकांना शेवटी शेवटी जास्त छळायला लागला. केरी तेव्हा देशभराच्या पोलमध्ये कुठेच नव्हते, बॉस्टनचं घर गहाण ठेवून त्यांनी कॅम्पेनमध्ये पैसे घातले होते.

म्हणून मतदानाच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांचे त्या राज्यातले पोल बघा, आणि त्यात दुसरी पसंती कुणाला आहे ते शोधा. आयोवात एडवर्ड्स आणि केरी बऱ्याच जणांची दुसरी पसंती होते. पुढच्या दोघांत भांडण लागलं की तिसऱ्याचा लाभ होतो हे आपल्याला तरी नव्याने सांगायला नको.

चूक चौथी: राज्यं मोजणं, डेलिगेट न मोजणं

इथे भले भले फसतात. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूजडे, वीसहून जास्त राज्यांत एकाच दिवशी मतदान. हिलरींनी न्यू जर्सी जिंकलं, ११ लाखांहून जास्त मतं पडली, हिलरी लाखभर मतांनी पुढे, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ चा फायदा. त्याच रात्री इडाहोत कॉकस होता, साधारण २१ हजार माणसं आली असतील, ओबामांनी १५ विरुद्ध ३ ने मारलं, म्हणजे १२ चा फायदा. इडाहोतल्या त्या कॉकसने न्यू जर्सीचा पूर्ण विजय पुसून टाकला. कारण डेमोक्रॅट्सकडे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात (१५ टक्क्यांच्या वर मतं मिळाली तरच), त्यामुळे मोठं राज्य थोडक्यात जिंकून हातात फार काही पडत नाही आणि छोटं राज्य एकतर्फी जिंकलं तर पडतं. ओबामांच्या लोकांनी हे आधीच ओळखून अशा कॉकसवाल्या राज्यांत माणसं बसवली होती.

रिपब्लिकनांकडे बरोबर उलटं होऊ शकतं, तिथे बऱ्याच राज्यांत जिंकणारा सगळंच घेऊन जातो. २०१६ मध्ये ट्रम्प यांना साउथ कॅरोलिनात साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि डेलिगेट मिळाले ५० पैकी ५०. म्हणजे विरोधक चार-पाच जणांत विभागलेले असतील तर एक तृतीयांश मतांवर पण फ्रंटरनर, म्हणजे पुढे असलेला उमेदवार, सुसाट सुटतो. त्यामुळे "३० टक्क्यांवर अडकलाय" हे वाक्य डेमोक्रॅटच्या बाबतीत काळजीचं आणि रिपब्लिकनच्या बाबतीत तेवढं नाही.

चूक पाचवी, आणि ही हुशार लोक करतात: पहिलं राज्य हरला की संपला

एकदा फसलेली माणसं मग दुसऱ्या टोकाला जातात, प्रत्येक पुढे असलेला पडणारच असं म्हणायला लागतात. तसं पण नाही. रेगन १९८० मध्ये आयोवात थोरल्या बुश यांच्याकडून हरले आणि न्यू हॅम्पशायरमध्ये दुपटीहून जास्त मतांनी परत आले. धाकटे बुश २००० मध्ये न्यू हॅम्पशायर मॅकेनकडून तब्बल १८ टक्क्यांनी हरले, तरी उमेदवार तेच. उलट डेमोक्रॅट्समध्ये पुढे असलेले सिनेटर मस्की १९७२ मध्ये न्यू हॅम्पशायर ४६ विरुद्ध ३७ असं जिंकले तरी सगळे म्हणाले एवढंच? आणि तिथून ते घसरत गेले, उमेदवार झाले मॅकगव्हर्न.

बायडेन यांचं २०२० तर डोळ्यासमोरचं आहे. २०१९ भर बहुतेक वेळ पुढे, मग आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, टीव्हीवर त्यांची श्रद्धांजली वाहून झाली होती. पण त्यांचा आधार जिथे होता तिथे अजून मतदान झालंच नव्हतं. साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय, वयस्क लोक, चर्चला जाणारे, बायडेन यांना वर्षानुवर्षं ओळखणारे. २६ फेब्रुवारीला तिथले काँग्रेसमन जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ ला बायडेन जवळपास ४९ टक्के घेऊन जिंकले, पुढच्या दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर या प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडेनना. हिलरींच्या २००७ च्या लीडमध्ये आणि बायडेनच्या २०१९ च्या लीडमध्ये आकड्यांवरून बघितलं तर उलट हिलरींचाच लीड मोठा होता. फरक एवढाच की २००८ मध्ये त्याच साउथ कॅरोलिनातल्या लोकांना जायला दुसरी जागा मिळाली आणि २०२० मध्ये मिळाली नाही.

पोल समोर आला आणि काय समजावं कळेना, तर

मी आता तीन गोष्टी बघतो. पहिलं, हा माणूस सगळ्यांना आधीच माहिती आहे का, कारण ९५ टक्के लोक ओळखतात आणि तरी २५ टक्केच पाठिंबा असेल तर पुढे वाढायला जागा कमी, आणि ४० टक्केच ओळखतात त्यातले निम्मे खूश असतील तर तिकडे लक्ष ठेवा. दुसरं, त्याचे मतदार कुठल्या राज्यात आहेत आणि तिथे मतदान कधी आहे, आणि हे दर वेळी नव्याने तपासा कारण कॅलेंडर बदलतं, डेमोक्रॅट्सनी २०२४ ला आयोवाला मागे सारून साउथ कॅरोलिना अधिकृतपणे पहिलं केलं होतं. तिसरं, त्याला सोडून जाणारे लोक कुणाकडे जातील, आणि ते सगळे एकाच माणसाकडे जातील का चार ठिकाणी पांगतील.

ह्या तीन गोष्टी २०२३ ला लावून बघा. वर्षाच्या सुरुवातीला काही पोलमध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस ट्रम्पच्या अगदी जवळ दिसत होते आणि खूप जणांनी लिहून टाकलं होतं की आता ट्रम्प संपले. पण ट्रम्पना न ओळखणारा मतदार देशात नव्हता आणि तरीही ते पुढे होते, त्यांचे लोक आयोवापासून साउथ कॅरोलिनापर्यंत सगळीकडे होते, आणि त्यांना नको म्हणणारे डीसँटिस, निकी हेली आणि बाकीच्यांत वाटले गेले. १५ जानेवारी २०२४ ला आयोवात ट्रम्प ५१ टक्के. डीसँटिस दुसरे आले, आणि सहा दिवसांनी, न्यू हॅम्पशायरच्या मतदानाची पण वाट न बघता, बाहेर पडले.