खोकल्याच्या जुन्या पेटंट औषधाची बाटली हातात आली तर ती वाचायची कशी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची विलायती नाहीतर अमेरिकन खोकल्याची बाटली किंवा तिची जाहिरात कुठे दिसली की कुणीतरी हमखास म्हणतंच, पूर्वीची औषधं कशी लगेच लागू पडायची. खरंय, पडायचीच. पण का पडायची ते बाटलीवर लिहिलेलं नसायचं, तेच शोधायचंय आपल्याला.

आधी एक गैरसमज काढून टाका. पेटंट औषध म्हणजे पेटंट घेतलेलं औषध नव्हे, कारण पेटंट घ्यायचं तर आत काय घातलंय ते उघड करावं लागणार, मग धंदा कसला चालणार, म्हणून बहुतेकांनी नाव आणि लेबल तेवढं राखून ठेवलं आणि आतला माल गुपित.

आता लेबल बघा. ठळक नावाकडे दुर्लक्ष करा, ते फसवायलाच असतं. 'आयर्स चेरी पेक्टोरल' घ्या, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावचं, १८४० च्या दशकातलं. नाव चेरीचं, जाहिरातीत गुटगुटीत पोरं, आणि आत अफूच्या जातीचं औषध. म्हणून बारीक अक्षरांतले शब्द शोधायचे. 'लॉडनम' म्हणजे दारूत काढलेला अफूचा अर्क, 'पॅरेगोरिक' म्हणजे त्याचाच कापूर घातलेला सौम्य भाऊ, आणि 'अ‍ॅनोडाइन' किंवा 'सूदिंग' असं दिसलं तर अफूचा संशय घ्यायचाच.

क्लोरोडाइन तर आपल्याकडचंच म्हणायला हवं, कारण ते काढलं डॉ. जॉन कॉलिस ब्राउन यांनी, हे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत डॉक्टर होते, १८४८ च्या सुमाराला, आणि तेही कॉलऱ्यावर! मग तेच औषध खोकला, ब्रॉंकायटिस, क्षय, सगळ्यावर विकलं गेलं. आत काय, तर अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. आता एवढं पोटात गेल्यावर खोकला थांबणार नाही तर काय होणार.

अफू मेंदूतली खोकल्याची उबळच दाबते. पण ब्रॉंकायटिसमध्ये छातीत कफ भरलेला असतो आणि तो बाहेर काढायला खोकल्याशिवाय दुसरा चांगला मार्ग नाही, म्हणजे माणसाला वाटतं बरं वाटतंय आणि कफ आपला आतच, वर श्वासही मंदावतो, तान्ह्या बाळाला तर हे जिवावर बेतायचं. १८९८ साली बायर कंपनीने खोकल्यावर जे नवं औषध बाजारात आणलं त्याचं नाव हेरॉइन होतं, यावरून अंदाज घ्या.

जाहिरातीतली पत्रं असतात ना, अमक्या पाद्र्याचा खोकला तीन आठवड्यांत गेला वगैरे, ती वाचताना एवढंच लक्षात ठेवायचं की साध्या ब्रॉंकायटिसचा खोकला बहुतेकदा तीनेक आठवड्यांत आपला आपणच जातो.

साल ओळखायचंय? ब्रिटिश जाहिरातीत किंमत १ शिलिंग दीड पेनी अशी विचित्र दिसेल. शिलिंग औषधाचा आणि दीड पेनी सरकारी स्टॅम्पचा कर, हा कर १७८३ पासून १९४१ पर्यंत होता. स्टॅम्प सरकारी म्हणून लोकांना वाटायचं औषधालाही सरकारची पसंती, आणि विकणाऱ्यांना तेच हवं असायचं. अमेरिकन लेबलवर अफू, मॉर्फिन, अल्कोहोल यांचं प्रमाण छापलेलं असेल तर ते बहुधा १९०६ च्या कायद्यानंतरचं, त्याआधी ते सांगायची सक्तीच नव्हती. १९१२ नंतर खोट्या दाव्यांवर बंदी आली आणि 'क्युअर' हा शब्द हळूहळू कमी होत गेला.

लेबल गेलेलं असेल तर काच बघा. साच्याच्या जोडाची रेघ मानेपर्यंत येऊन तोंडाच्या खाली संपत असेल तर तोंड हाताने घडवलेलं, म्हणजे जुनी. रेघ थेट तोंडाच्या काठावरून गेली असेल तर मशीनची, विसाव्या शतकातली. मी हे माहीत नसताना एकदा '१८६० ची आहे साहेब' या एका वाक्यावर बाटली घेतली, घरी येऊन बोट फिरवलं तर रेघ काठावरून गेलेली, दोन दिवस कुणाला दाखवलीच नाही.

त्या काळातलं सगळंच टाकाऊ नव्हतं हेही सांगतो. ज्येष्ठमध, बेन्झोइन म्हणजे आपला लोबान, कोळकांद्याचा विलायती भाऊबंद स्क्विल, हे त्या बाटल्यांत असायचं, आणि ज्येष्ठमध तर आपण अजून चघळतोच.

बाटलीत तळाशी काळपट काही उरलं असेल तर बूच उघडून वास घेऊ नका, चाखणं तर दूरच, आणि बेसिनमध्येही ओतू नका. बूच तसंच ठेवा, बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. साफ फक्त रिकामी बाटलीच करायची, कोमट पाण्याने, आणि लेबल असेल तर तेही नाही, नुसता कोरडा ब्रश.